‘मंडळी’ : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील नवा आरंभ आणि सहजीवन
(वऱ्हाड-यवतमाळच्या विशेष संदर्भात)

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९२ वे अधिवेशन अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यानंतरचे, २०२० मधील अधिवेशन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे झाले आणि त्याचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. एका ख्रिस्ती धर्मगुरूची या पदावर निवड होण्याची ती पहिलीच वेळ. निवडीचे स्वागत झाले, तसा तिला विरोधही झाला. या दोन्ही प्रतिक्रियांत एक गोष्ट समान होती. ख्रिस्ती लेखकाकडे पाहताना आपण एका व्यक्तीकडे, तिच्या श्रद्धेकडे आणि फार तर तिच्या ग्रंथांकडे पाहतो. ती व्यक्ती दर रविवारी ज्या समूहात बसते, ज्या समूहाच्या भाषेत प्रार्थना करते, त्या समूहाचा विचार स्वागत करणाऱ्यांच्या बोलण्यात नव्हता आणि विरोध करणाऱ्यांच्याही नव्हता.

मराठी समीक्षेची सवयही याहून वेगळी नाही. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले. त्या लेखनात धर्मांतर हे प्रामुख्याने एका मनाचे नाट्य म्हणून येते : शंका, अभ्यास, आप्तांचा विरोध, निर्णय, बाप्तिस्मा. पडदा येथे पडतो. वस्तुतः ज्याला नवा आरंभ म्हणावयाचे तो येथून पुढे सुरू होतो. बाप्तिस्मा घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी कोणाच्या पंक्तीला बसतो, कोणत्या विहिरीचे पाणी पितो, त्याच्या मुलीला स्थळ कोठून येते, त्याला शेवटी कोठे पुरतात, हे प्रश्न धर्मशास्त्राचे नसून सहजीवनाचे आहेत. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची खरी कसोटी या प्रश्नांवर लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या दृष्टीने ‘मंडळी’ हा एक शब्द हाती धरून काही विचार येथे मांडावयाचा आहे.

१

बायबलच्या मराठी भाषांतराचा इतिहास दोन शतकांहून जुना आहे. विल्यम कॅरी यांच्या प्रेरणेने श्रीरामपूर (बंगाल) येथून १८११ मध्ये मराठी नवा करार छापला गेला. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने स्वतंत्रपणे भाषांतराचे काम हाती घेतले व १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत आले. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मूळ भाषांचा अभ्यास करून सामान्य स्त्रियांनाही समजेल असे जे भाषांतर सिद्ध केले, ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. या प्रवासात कितीतरी शब्द घडले, मोडले, बदलले. परंतु ख्रिस्ताच्या अनुयायांच्या समूहासाठी प्रॉटेस्टंट परंपरेत जो शब्द रुळला तो ‘मंडळी’. पौलाची पत्रे ज्यांना उद्देशून लिहिली गेली ते समूह मराठी बायबलात ‘मंडळी’ म्हणून येतात आणि आजही गावोगावच्या प्रार्थनामंदिरांतील लोक स्वतःचा उल्लेख याच शब्दाने करतात. कॅथलिक परंपरेने ‘ख्रिस्तसभा’, ‘धर्मग्राम’ असे शब्द घडविले. वसईत तर वास्तूला ‘देऊळ’ म्हणण्याची सुंदर प्रथा आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

‘मंडळी’ हा शब्द भाषांतरकारांनी निर्माण केलेला नाही. तो त्यांना मराठी घरा-अंगणात तयार सापडला. भजनी मंडळी, दिंडीतील मंडळी, गावातली चार मंडळी, १८८० च्या सुमारास अण्णासाहेब किर्लोस्करांनी उभी केलेली नाटक मंडळी अशा त्याच्या किती तरी छटा. त्यात सभेचा औपचारिकपणा नाही, संस्थेची घटना नाही. काही एका निमित्ताने एकत्र बसलेल्या आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचा तो शब्द आहे. शिवाय मराठी गृहस्थ आपल्या पत्नीचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करीत आला. नाव न घेण्याच्या मर्यादेतून आलेला हा प्रयोग. परंतु त्यामुळे या शब्दाला चुलीची ऊब मिळाली. सभा बरखास्त करता येते. मंडळी बरखास्त होत नाही. ती उठते, पांगते, रुसते आणि पुन्हा जमते.

व्याकरणदृष्ट्याही हा शब्द लक्षणीय आहे. तो समूहवाचक असून बोलीत त्याचे ‘मंडळ्या’ असे अनेकवचन क्वचित होते. ख्रिस्ती वापरात मात्र ते नित्याचे आहे, कारण तेथे प्रत्येक गावची मंडळी हे एक स्वतंत्र व्यक्तिमत्त्व असते. तिला पाळक असतो, वडील असतात, सभासद असतात, तिचा एक स्वभावही असतो. अमुक गावची मंडळी भजनाला पक्की, तमुक गावची भांडकुदळ, असे ख्रिस्ती माणसे सहज बोलून जातात.

२

नव्या समूहाचा आरंभ अन्नपाण्यापासून होतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राने नीट ओळखली होती. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. (तिला ‘परमहंस मंडळी’ही म्हणत, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.) जातिभेद मोडावा हा तिचा हेतू, आणि सभासद होण्याची खूण होती पावाचा तुकडा खाणे, खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या माणसाच्या हातचे पाणी पिणे. परंतु हे सारे बंद दाराआड चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे उघड होण्याच्या भीतीने एकेक जण दूर झाला आणि सभा मोडली. त्यांचे विचार कच्चे होते असे म्हणता येणार नाही. उणीव होती ती उजेडात खाण्याच्या धैर्याची, आणि त्या धैर्याला आधार देईल अशा चार घरांच्या शेजाराची.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) या सभेशी संबंधित होते. १८५४ साली त्यांनी बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मध्ये त्यांनी विधवांच्या दुःस्थितीचे चित्र काढले आणि ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात स्वतःच्या मतांतराची हकीकत सांगितली. ‘अरुणोदय’ हे नावच बोलके आहे. पहाट झाली, येथे ग्रंथाचा रोख संपतो. दिवसभराच्या कामाचा हिशेब त्यात मुख्य नाही. परमहंस सभेतील लपून खाल्लेला पाव आणि मंडळीत उघडपणे मोडली जाणारी भाकर या दोहोंतील अंतर बाबांनी स्वतः चालून पार केले होते. त्या अंतराचे वर्णन त्यांच्या हातून अधिक विस्ताराने व्हावयास हवे होते, अशी चुटपुट अभ्यासकाला लागून राहते. त्यासाठी मराठी वाङ्मयाला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे आणि एका बाईची लेखणी यांची वाट पाहावी लागली.

३

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत टिळकांची एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली. त्याने संस्कृत काव्याविषयी आस्थेने गप्पा केल्या, नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. हा प्रसंग सर्वपरिचित आहे. हे गृहस्थ अर्नेस्ट वॉर्ड होते असे टिळकांच्या चरित्रात नमूद आहे. वॉर्ड पतिपत्नी १८८०-८१ च्या सुमारास बुऱ्हाणपुरास आले होते, आणि ज्या फ्री मेथडिस्ट मिशनशी त्यांचे नाव निगडित आहे, त्याच मिशनने पुढे यवतमाळ हे आपले केंद्र केले. टिळकांच्या चरित्रातील या ओझरत्या प्रवाशाची मुळे वऱ्हाडातील मंडळ्यांच्या इतिहासात आहेत, या बाबीकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. यानंतरची काही वर्षे पतिपत्नींचा संसार दुभंगलेला राहिला. वर सांगितलेला श्लेष येथे दुःखद रीतीने खरा ठरतो : एका मंडळीत जाण्यासाठी टिळकांना आपली मंडळी मागे सोडावी लागली. ‘स्मृतिचित्रे’च्या पूर्वार्धातील सारा ताण या दोन अर्थांमधला आहे. १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला मराठी समीक्षेने निरागस विनोदाचे, प्रांजळपणाचे, स्त्रीच्या आत्मकथनाचे आदर्श म्हणून गौरविले, ते योग्यच आहे. परंतु हे पुस्तक एका समूहात प्रवेश करण्याचे पुस्तक आहे, या अंगाने त्याचे वाचन झालेले नाही.

पुस्तकाचा आरंभ पाहावा. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्याने टोक गाठले होते. बाजारातून आलेले जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात, पण त्या हसण्याने वाचकाने फसू नये. ज्या घरात पाणी हे वेगळे ठेवण्याचे साधन होते, त्या घरातली मुलगी पुढे पाण्यावाटेच एका नव्या समूहाशी जोडली जाते. बालपणीचे ते सोवळे ग्रंथाच्या प्रारंभी इतके सविस्तर आले नसते, तर पुढच्या परिवर्तनाला वजन आले नसते. नगरला पतीजवळ येऊन राहिल्यावरही त्यांनी काही काळ आपले खाणेपिणे वेगळे ठेवले. मग त्यांच्या मनाने जातिभेद हा माणसांनी केलेला आहे, देवाने नव्हे, असा कौल दिला आणि त्यांनी कोणाच्याही हातचे घेण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. क्रम ध्यानात घ्यावा : आधी पाणी, मग धर्मविधी. टिळक बुद्धीच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले आणि मग मंडळीत शिरले. लक्ष्मीबाई स्वयंपाकघराच्या वाटेने मंडळीत शिरल्या, तेथून ख्रिस्ताकडे गेल्या. सामान्य ख्रिस्ती कुटुंबांचा, विशेषतः त्यांतील स्त्रियांचा प्रवास कोणत्या वाटेने झाला असेल, हे सांगावयास नको.

पुढे प्लेगच्या दिवसांतील शुश्रूषा, घरात आणून वाढविलेली परकी मुले, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता, पैशाची कायमची ओढाताण, हे सर्व ‘स्मृतिचित्रे’त येते. या भागाला काही समीक्षकांनी विस्कळित म्हटले आहे. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. मंडळीचे जीवन असेच विस्कळित असते, आणि ज्या लेखिकेने ते जगले तिने त्याला कथानकाची शिस्त लावली नाही, हे तिचे शहाणपण आहे.

टिळकांची गोष्ट निराळी. मिशनच्या पगारावर आणि परदेशी वळणावर उभी असलेली मंडळी त्यांना खुपू लागली. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची धारणा होती. ‘अभंगांजली’तील रचना, गावोगाव गायिली जाणारी त्यांची भजने हे त्या धारणेचे फळ आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यामागील कल्पना. मे १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. कल्पना म्हणून ती आजही मोहक वाटते. मात्र ‘दरबार’ हा शब्द आणि ‘मंडळी’ हा शब्द शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. दरबारात सर्वांची तोंडे सिंहासनाकडे असतात. मंडळी गोल बसते, एकमेकांची तोंडे पाहते, म्हणून तिच्यात भांडणेही होतात. टिळकांच्या प्रतिभेला दरबार दिसला, हे कवीला साजेसेच झाले. परंतु बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्याच्या मुलीचे लग्न कोणी लावावे आणि त्याचे प्रेत कोणी उचलावे, या प्रश्नांना उत्तर देण्याइतके आयुष्य त्या प्रयोगाला मिळाले नाही.

४

आता वऱ्हाडाकडे वळू. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. कापसाचा, आदिवासी वस्तीचा आणि दोन मोठ्या दुष्काळांनी (१८९६-९७ व १८९९-१९००) हादरलेल्या काळातून आलेला हा प्रदेश. फ्री मेथडिस्ट मिशनचे येथील काम, उमरीचे ख्रिस्ती रुग्णालय आणि १९५३ साली यवतमाळ येथे सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी या जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनातील परिचित गोष्टी आहेत. सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास गेली. तीस वर्षे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थी या कापसाच्या गावात धर्मशास्त्र शिकत होते, ही घटना आज शहराच्या स्मरणातून जवळजवळ पुसली गेली आहे. विदर्भाने आणखी एक आरंभ पाहिला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे निरनिराळ्या पंथांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना केली. फ्री मेथडिस्ट मंडळ्या या ऐक्यात सामील झाल्या नाहीत. त्यामुळे यवतमाळच्या मंडळ्यांचे वळण काहीसे स्वतंत्र राहिले.

या मंडळ्यांच्या वर्षाला दोन आरंभ असतात. एक ३१ डिसेंबरच्या रात्रीचा. रात्रीच्या उपासनेत सरत्या वर्षाची कबुली, आभार, साक्षी, आणि बाराच्या ठोक्याला प्रार्थना. दुसरा कापणीच्या सणाचा. घरचे जे असेल ते घेऊन यावे, तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसे, कोंबडी, भोपळा, कापसाची बोंडे. उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हावा आणि चार आण्यांच्या लिंबाला मंडळीतल्या मंडळीत चढाओढीने भाव यावा, हा सण ज्याने पाहिला असेल त्याला समूह म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. वऱ्हाडातील शेतकऱ्याचे सालही पिकावर मोजले जाते, त्यामुळे हा दुसरा आरंभ पहिल्याहून अधिक खरा वाटतो.

साहित्याच्या अभ्यासकाला या सर्वांत सर्वांत मोलाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे ‘साक्ष’. कोणीही सभासद, लिहितावाचता येवो न येवो, उभा राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगतो. हा मौखिक आत्मकथनाचा प्रकार आहे आणि त्याची एक ठरलेली घडण आहे : पूर्वीचे जिणे, संकट, कोणाचे तरी बोलावणे, प्रार्थना, पालट. घडण ठरीव असली तरी भाषा ठरीव नसते. साक्ष बहुधा बायबलच्या ग्रांथिक मराठीत सुरू होते. ‘प्रभूने मजवर कृपा केली’ असे तिचे वळण असते. परंतु नवऱ्याचे दारूपायी झालेले हाल, मुलाचे दुखणे, सावकाराचा तगादा असा मजकूर आला की ‘मजवर’चे ‘माह्यावर’ होते, ‘मला’चे ‘मले’ होते, क्रियापदे ‘करून राह्यली’, ‘रडून राह्यली’ अशी वऱ्हाडी वळणाने येऊ लागतात. आभाराच्या अखेरच्या वाक्यांपाशी पुन्हा ग्रांथिक भाषा परतते. दुःखाची भाषा आणि कृपेची भाषा अशा वेगळ्या राहतात.

याचा अर्थ काय लावावा? ग्रांथिक भाषा ही येथे वरून लादलेली भाषा आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते पुरते खरे नाही. ज्या समाजघटकांना पोथीची भाषा उच्चारण्याचा अधिकारच नव्हता, त्यांच्या ओठी बायबलने व भजनांच्या पुस्तकाने ही भाषा दिली. ती त्यांनी कमावलेली आहे आणि सणाच्या कपड्यासारखी ते ती जपून वापरतात. दुसऱ्या बाजूने, जे घडले ते घरच्या बोलीतच सांगता येते, हेही साक्ष देणाऱ्याला उमजलेले असते. दोन भाषांमधील ही ये-जा हीच नव्या आरंभाची भाषिक खूण आहे. मागचे सारे पुसून कोणी नवा होत नाही.

शिवाय वऱ्हाडची हवाच सामुदायिक उपासनेला अनुकूल आहे. गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरी व सामुदायिक प्रार्थना यांनी या प्रदेशाला रांगेत बसून, एका सुरात, मूर्तीशिवाय प्रार्थना करण्याची सवय लावली. येथील ख्रिस्ती भजनांत ढोलकी-टाळ-खंजिरीचा ठेका ऐकू येतो, त्याला केवळ मिशनऱ्यांचे धोरण म्हणून चालणार नाही. शेजारच्या अंगणातला सूर भिंत ओलांडून आत आला आहे.

हे चित्र रंगविताना त्यातील काळी रेघ टाळता येत नाही. जात मंडळीच्या दाराशी थांबली असे झाले नाही. लग्ने जुळविताना ती पुष्कळदा आत येते. आणि राज्यव्यवस्थेने या नव्या आरंभाची किंमत वसूल केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील दलित समाजाने जो सामूहिक नवा आरंभ केला, त्यातून मराठीला दलित आत्मकथनांचा समृद्ध प्रवाह मिळाला. त्याच पेठेतील, त्याच भावकीतील जी घरे आधीच ख्रिस्ती झाली होती, त्यांची आत्मकथने त्या मानाने फारच थोडी. एकाच कुटुंबात मंडळीच्या पुस्तकात ‘योहान’ आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे नाव, असे दुहेरी जिणे जगणारा माणूस लिहावयास बसला तर तो कोणत्या नावाने लिहील? या अडचणीने किती लेखण्या अडविल्या असतील याचा अंदाज करणे कठीण आहे.

गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा इतिहास कष्टाने सिद्ध केला. त्यात छापील ग्रंथांची, नियतकालिकांची, ग्रंथकारांची नोंद आहे. ‘ज्ञानोदय’ (१८४२) पासूनची परंपरा त्यामुळे आपल्यासमोर आली. मंडळ्यांच्या दप्तरांकडे मात्र वाङ्मयाचा अभ्यासक अजून वळलेला नाही. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या, वडिलांच्या सभांची इतिवृत्ते, हाताने उतरवून घेतलेल्या भजनांच्या वह्या हे साहित्य पत्र्याच्या पेट्यांत, पाळकाच्या घरी, पुष्कळदा वाळवीच्या स्वाधीन झालेले असते. पाळकाची बदली झाली की पेटीही जागा बदलते. साक्षी तर कोठेच लिहून ठेवल्या जात नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील मंडळ्यांमधून, विशेषतः वयोवृद्ध स्त्रियांकडून, त्या त्यांच्याच बोलीत, बोलीचे उच्चार शुद्ध करून न टाकता ध्वनिमुद्रित करण्याचे काम पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांकडे सोपविता येईल. भजनांच्या वह्या आधी घ्याव्यात, कारण त्या वापरात असल्याने त्यांची पाने सर्वांत लवकर फाटतात.